साळूबाईचं स्टूल

सहादूचं अंग मोडून आलं होतं. दिवसभर लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करायच्या, आणि वर आता बायकोचं स्टूल! पण करतो काय? साळूबाईचे गुडघे पार कामातून गेले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली बसणं कायमचं बंद. आणि ती पंचवटीच्या बाजारात पोत्यावर बसून भाजी विकणारी. आठ दिवस घरीच होती. आणखी दोन दिवस जागा रिकामी राहिली, की दुसरी कुणीतरी तिथं पोतं अंथरून मोकळी! वीस वर्षांची जागा ती.

म्हणून त्याने लोखंडी अँगल कापले, चार पाय जोडले, वर सागाची फळी बसवली. पाणसळ ठेवून पाहिली, बुडबुडा बरोबर मधोमध. मन भरलं.

"आता हत्ती बसव," तो म्हणाला.

"हत्ती कशाला? मी काय कमी आहे?" साळूबाई हसली.

सकाळी स्टूल खांद्यावर टाकून तो तिच्याबरोबर बाजारात गेला. नदीकडे उतरत जाणाऱ्या फरशीवर तिने जागा दाखवली. स्टूल ठेवलं, ती बसली, आणि स्टूल पुढे कललं. शेजारच्या मंगलाबाईने दंड धरला म्हणून वाचली.

"अगं, एवढा उतार! बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

"भावजी पहिल्यांदाच आले वाटतं," मंगलाबाई म्हणाली.

पहिल्यांदाच. वर्कशॉप इथून दहा मिनिटांवर, गावभर लोकांच्या घरांची मापं घेत हिंडला, आणि इथं वीस वर्षांत एकदा फिरकला नव्हता. पोत्यापुढे एक दगड होता, झिजून गुळगुळीत झालेला. घसरू नये म्हणून साळूबाई त्यालाच डावा पाय रेटून बसायची. आधी गेला तो डावाच गुडघा. सहादूला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मागचे पाय तीन बोटं कापायला हवेत. लोखंड कापायची करवत घेऊन येतो. तोवर उभी राहा, खाली बसू नकोस."

तो धापा टाकत परत आला तेव्हा गिऱ्हाईक आलं होतं. साळूबाई पोत्यावर बसून मेथी मोजून देत होती, पाय दगडाला रेटलेला.

"असू द्या हो," ती म्हणाली. "सवय आहे मला."

सहादूने स्टूल उलटं केलं आणि करवत चालवू लागला. मान काही त्याला वर करवेना.