माझ्या पाठीमागचा मफलर

"सान मार्तिनोचा सण झाला की ती शेगडी तिथून काढायची ठरलीय म्हणे. आणि मग तिला थेट..."

एवढंच ऐकलं आणि आवाज बंद झाला.

ती शेगडी म्हणजे मीच, एर्सिलियाच्या स्वयंपाकघरातून बोलतेय. मला लाकडं लागत नाहीत. भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या लागतात. इकडे त्यांना पेलेट म्हणतात. बटण दाबलं की कांड्या माझ्या वाटीत पडतात, खालची सळई तापून लाल होते, पंखा वारा ओढतो आणि मी पेट घेते. कारखान्यातून कार्निया नावाच्या या डोंगराळ मुलखात आले ती एर्सिलियाच्या नवऱ्याच्या, तुल्लियोच्या, टेम्पोतून. वळणावळणाला आदळत आले. कोपऱ्याचा टवका उडाला, त्यावर एर्सिलियानं संत अंतोनियोचं चित्र चिकटवलं. तेव्हापासून माझ्यापुढे मोजे वाळले, मांजर व्यायली, नवराबायकोची भांडणं झाली आणि मिटलीही. मला सगळं ऐकायला आवडतं.

तशीच शेजारची अमाबिले. माझ्या पाठीमागे भिंतीला हवेसाठी मुठीएवढं जाळीचं भोक आहे. पलीकडे अमाबिलेचा भाजीचा वाफा. त्या वाफ्यात तण नसलं तरी ती तण काढते. कालही तिथेच बसून कुणाला तरी माझी बातमी सांगत होती.

ती बातमी अर्ध्यात तुटली ती तुल्लियोच्या आईमुळे. पाल्मिराबाई यंदा वरच्या गावातून इथे राहायला आल्या आणि त्यांची खुर्ची माझ्या कडेला लागली. वाऱ्याला त्या लांडग्यापेक्षा जास्त भितात. "मानेत वारा शिरला की माणूस आडवा झालाच," असं रोज म्हणतात. काल त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून जाळी काढली, आपला लोकरी मफलर भोकात कोंबला आणि जाळी परत लावून टाकली.

आज सान मार्तिनो. दुपारी पाहुणे यायचे, चेस्टनट भाजायचे, नवी वाइन फोडायची. एर्सिलियानं बटण दाबलं. कांड्या पडल्या, सळई लाल झाली, पंखा कण्हला. पण हवा कुठली? यंदाच बसवलेल्या नव्या खिडक्यांना फटसुद्धा नाही. नुसता धूर झाला आणि मी शिट्टी मारली. मला तेवढंच बोलता येतं.

"कांड्या ओल्या असतील," एर्सिलिया म्हणाली. "तुला हजारदा सांगितलं, पोतं गोठ्यात ठेवू नकोस."

तुल्लियोनं एक कांडी मोडून पाहिली. कट्कन तुटली. "हे बघ, कोरडी ठाक. तूच वाटी साफ केली नसशील."

"मी? तुझे दात घासलेले नसतील, पण हिची वाटी घासलेली असते!"

तरी त्यानं वाटीत साठलेल्या कांड्या उपसल्या, तळाची भोकं तारेनं टोकरली, वाटी नीट खाचेत बसवली. पुन्हा बटण. पुन्हा धूर, पुन्हा शिट्टी.

"बास झालं," तुल्लियो हात झटकत म्हणाला. "पाहुण्यांपुढे माझं हसं करणार ही. आज पेटली नाही तर उद्याच भंगारवाल्याला बोलावतो."

अगं बाई, म्हणजे कालची बातमी खरी तर! मी घाबरून आणखी एक शिट्टी मारली. पाल्मिराबाई खुर्चीत माळ ओढत होत्या. इतक्या भक्तिभावानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात अमाबिले चेस्टनटची टोपली घेऊन आत आली. "काय गं, घरात आजारी आहे का कुणी? कालपासून तुमचा आवाजच ऐकू येत नाही."

"तुला कुठून ऐकू यायचा आवाज?" एर्सिलियानं विचारलं.

"त्या भोकातून..." अमाबिलेनं जीभ चावली.

तुल्लियोनं मान वळवली, गुडघ्यावर बसला, जाळी काढली आणि लाल मफलर ओढू लागला. ओढतोय, ओढतोय, संपेचना.

"आई!"

"माझी मान म्हणजे काय रस्त्यावर पडलीय?" पाल्मिराबाई उसळल्या. "मी गेले असते तर बरं झालं असतं ना!"

वाटी पुन्हा रिकामी झाली, बटण दाबलं गेलं. हवा आली, आणि मी अशी भडकले की काचेवर सोनं सांडलं. एर्सिलिया हसता हसता ॲप्रनमध्ये तोंड लपवून खुर्चीवर कोसळली. पाहुणे आले तेव्हा चेस्टनट तडतडत होते आणि पाल्मिराबाई दुसरा पेला मागत होत्या.

"पण अमाबिले," एर्सिलिया म्हणाली, "शेगडी भंगारात जाणार का, असं सगळे पाहुणे विचारतायत. गावभर तूच सांगत सुटलीस?"

"तूच बहिणीला फोनवर सांगत होतीस, तिथून काढायची म्हणून!"

"काढायची, ती समोरच्या भिंतीला लावायला! आईंच्या मानेवर वारा येतो म्हणून. पुढचं ऐकलं नाहीस?"

"पुढे मिक्सर लावलास तू," अमाबिले फुरंगटून म्हणाली.

आता मी समोरच्या भिंतीला आहे, नव्या भोकासकट. जुनं भोक बुजवलंय आणि त्या जागी पाल्मिराबाईंची खुर्ची आहे, उबेत आणि वाऱ्याबाहेर. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल आणि पेटेनाशी झाली, तर तिला शिव्या घालण्याआधी बघा, तिचा श्वास कुणी कोंडलाय का. बाकी अमाबिलेची बातमी निम्मी खरी निघाली, हे कबूल करायला हवं. मला तिथून काढलं. पण थेट भंगारात नाही, थेट चार पावलं पलीकडे.