डावखुरीचं पान

गावाचं नाव मी सांगणार नाही. चौक-लोधिवलीच्या आसपासचं आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही बदललीत. फक्त माझं तेवढं खरं, शकू. कर्जतच्या बाजारातल्या भात-गिरणीवाल्यांची मुलगी, तोंडाने फटकळ, आणि त्र्याहत्तर साली मुंबईला समाजशास्त्राच्या एम.ए.ला. आता तोच विषय शिकवते. वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, संशोधनातली नीती किती मार्कांना येते?" डोकं फिरतं माझं. मग पुस्तक मिटते आणि हे सांगते.

माझा विषय होता भाताची लावणी. कुणबी आणि बौद्ध बायका एका चिखलात, एका ओळीत वाकलेल्या असायच्या. पण ओळीतही जागा ठरलेल्या. आधी कुणबी बायका, त्यांच्यानंतर बौद्धवाड्यातल्या. जेवायला बसायचे बांध वेगळे. छप्पन साली बौद्धवाड्याने धर्म बदलला, पण बांध काही बदलले नव्हते.

कुणब्यांतली सोनुबाई डावखुरी. ओळीत मध्ये उभी केली की तिचं कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचं, मग शिव्या. म्हणून तिला कायम टोकाला उभी करायचे. टोकाला तिच्या शेजारी यायची ती बौद्धवाड्यातली पहिली बाई, चंद्राबाई. जे कोपर कुणबिणींना नको झालं ते चंद्राबाईने दहा-बारा पावसाळे मुकाट सोसलं. दोघींची मैत्री तिथलीच.

सोनुबाईने मला जे सांगितलं ते चंद्राबाईच्या घरात बसूनच. "माजं तिसरं बाळ गेलं तवा सासू म्हनाली, तूच खाल्लंस. पंधरा दिस कोन बोललं नाय माज्याशी. या चंद्रीनं हात धरून घरात आनलं, भाकर-सुकट वाढली. तवापासून लाकडाला जाते त्या दिवशी मी हितंच जेवते. सासूला कळलं ना बाय, तर उंबऱ्याच्या आत घ्यायची नाय मला."

चंद्राबाई चुलीपाशी हसत होती. "लिव, लिव," म्हणाली. "दोन वाट्या सुकट खाते, तेबी लिव."

मी प्रबंधात लिहिलं, इंग्रजीत. नाव गाळलं आणि त्या जागी घातलं, 'बाई क्रमांक सात, डावखुरी, ओळीच्या टोकाला लावणी करणारी.' काय हुशारी! माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या पानावर 'उत्तम' असा शेरा दिला. नाव झाकलं म्हणजे माणूस झाकलं, असं त्यांनाही वाटलं आणि मलाही.

सरपंच बुधाजींनी मला गावात येऊ देताना एक अट घातली होती. "जो येतो तो लिवून नेतो, परत कोन फिरकत नाय. तू काय लिवलंस ते आमाला वाचून दावायचं. मराठीत." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं. फेब्रुवारीत मराठी गोषवारा तयार करून मी एसटीत बसले, आणि गाडीतच त्यातलं ते पान पुन्हा वाचलं तेव्हा चूक दिसली. अख्ख्या गावात डावखुरी एकच. शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ती!

वाचन दुपारी होतं. मी उतरले ती तडक विहिरीवर गेले. सोनुबाईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"वाचू नको गं शकू. सासू मारेल त्याचं काय नाय. पन चंद्रीकडं जानं बंद हुईल माजं. मंग मी जाऊ कुटं?"

"नाही वाचणार," मी म्हटलं. "शप्पथ."

शाळेच्या पडवीत जाऊन बसले आणि ते पान फाडून पिशवीत कोंबलं. मजकूर मध्येच तुटत होता, म्हणून दोन वाक्यं नवीन जुळवली. खोटं कशाला बोलू, स्वतःवर भलतीच खूश होते मी त्या वेळी. एका बाईचा संसार वाचवला म्हणून.

गाव जमलं. बौद्धवाडाही आला होता, पडवीच्या दुसऱ्या अंगाला बसला. सोनुबाईची सासू मोतीबाई तंबाखू मळत पुढ्यातच बसलेली. मी वाचायला लागले आणि बुधाजी मध्ये मध्ये टोमणे मारायचे. "आरं, ह्ये तर आमाला ठावंच हाय, त्यासाठी मुंबईला कशाला जायाला पायजे?" सगळे हसायचे, मीही हसायचे. मग त्या जागेवर आले आणि नवीन जुळवलेलं वाचलं: "जेवणाच्या वेळी दोन्ही गट वेगळ्या बांधांवर बसतात. एकमेकींच्या घरी कुणी जेवत नाही."

मोतीबाईने मान डोलावली. "बराबर लिवलंय पोरीनं."

मी चंद्राबाईकडे पाहिलं. तिने सोनुबाईकडे पाहिलं, सोनुबाईने खाली. चंद्राबाईचे ओठ हलले. आता ही बोलणार, आता संपलं सगळं! पण ती पदर सावरून उठली आणि चालू लागली.

मी त्या रात्री बुधाजींकडे राहिले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास चंद्राबाईच्या दारात गेले. ती भाकऱ्या थापत होती. 'ये' म्हणाली नाही. मीच आत जाऊन बसले.

"मावशी, रागावलात?"

"नाय बा. तुमी शिकलेली मानसं."

"सोनुबाईंचा संसार मोडला असता हो!"

"मोडला असता. मला कळत नाय व्हय ते?" हातातली भाकरी तिने तव्यावर आपटली. "मी तोंड उघडलं का काल? ते पान गाळायचं, पुढलं वाचायचं. मी हूं का चूं केलं नसतं. पन 'कुनी जेवत नाय' असं कशापायी वाचलंस? धा वर्सं मी ह्या चुलीवर तिला रांधून घालते. ते काय सपान व्हतं?"

मी घाईघाईने म्हटलं, "मोठ्या पुस्तकात आहे ते सगळं, जसंच्या तसं. इंग्रजीत."

"म्हंजे मुंबईला कळलं तर चालतंय, चंद्रीच्या घरी कुनबीन जेवती म्हनून. माज्याच गावात कळाया नको."

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"सोनीला इचारलंस ना, वाचू का म्हनून?"

"विचारलं."

"हिरीवरनं माजं घर दिसतंय. मला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. ते घर तिचं, चूल तिची, आणि पाच महिने मी भाकरीही तिचीच खाल्ली होती. तरी तिला विचारायला हवं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. लाज वाटली. अशी लाज की जमिनीकडेच बघत राहिले.

तेवढ्यात मागच्या दाराशी लाकडाची मोळी पडली आणि सोनुबाई घाम पुशीत आत आली. मला बघून ती दारातच थबकली. चंद्राबाईने पाट मांडला, ताटलीत भाकरी ठेवली, सुकट वाढली. सोनुबाई तिच्याकडे बघत होती, रडवेल्या तोंडाने. "चंद्रे, मीच सांगितलं तिला, नको वाचू म्हनून..."

"ठावं हाय मला. तू खा. निवतंय."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"तू ऊठ आता, बाय. सोनी जेवाया बसतीय. आन तुज्या कागदापरमानं हितं कोन जेवत नाय."

मी उठले. पायात चपला घातल्या आणि एसटीच्या थांब्याकडे निघाले.