सग्याची विहीर

माझ्या सगाईचा गोळ, म्हणजे गूळ, आमच्या तांड्यानं विहिरीच्या कामावरच खाल्ला. लखीराम ठेकेदाराला भारी घाई होती. कशाची, ते कळायला श्रावण उजाडावा लागला.

पंचायत समित्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. माझा बा, भावसिंग नाईक, तालुक्याच्या समितीवर मेंबर झाला आणि त्यानं तांड्यासाठी विहीर मंजूर करून आणली. तोवर आम्ही बाया नाल्यात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचो. बा तांड्याचा नाईक, म्हणजे मुखिया, न्यायनिवाडा तोच करायचा. त्याचा शब्द कधी फिरत नसे, आणि त्याचा मला केवढा तोरा होता!

लखीराम आमच्याच बंजारा समाजाचा, पण पुसदकडच्या तांड्यातला. ठेका मिळाला तेव्हा त्याचं आमचं काही नातं नव्हतं. खोदकाम झालं, पाणी लागलं, आतली दगडी बांधणी अर्ध्यावर आली. मग एक दिवस तो त्याच्या पोराला, नेमसिंगला, घेऊन आला आणि मला मागणी घातली. नेमसिंग मला आवडला. खोटं कशाला बोलू? याडीच्या, म्हणजे आईच्या, पाठीआडून मी त्याला पोटभर बघून घेतलं.

आमच्यात गोळ खाल्ला की सगाई पक्की. लग्न पुढं केव्हाही होवो, त्या घडीपासून दोघे बाप एकमेकांचे सगे. आणि सग्याचं उणं चारचौघांत काढायचं नाही. काढलं तर सगाई मोडते आणि पोरीच्या नावाला बोल लागतो.

काम संपल्यावर मेंबरनं ते बघायचं, बरं आहे म्हणायचं, मग ओव्हरसियर बिल पुढं धाडायचा. मी बासाठी भाकर घेऊन गेले तेव्हा तो विहिरीत उतरला होता. त्यानं सळईनं दगडांमधली दर्ज, म्हणजे सांध, खरवडली. सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि मागून माती गळायला लागली. बा त्या मातीकडे बघतच राहिला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय नाईक, काम बरं आहे ना?" ओव्हरसियरनं निंबाखालूनच विचारलं. लखीराम त्याच्या शेजारी पानाला चुना लावत बसला होता.

बानं माझ्याकडे बघितलं.

"बरं हाये," तो म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याला धरलंच. "बा, दर्जेत माती होती. मले दिसली."

"मलेबी दिसली."

"मंग बोलला काहून नाई? तू तं मेंबर हाये!"

"मेंबर हाओ, अन् तुया बापबी हाओ. काय करू, सांग?" मग स्वतःचीच समजूत काढल्यासारखा म्हणाला, "सरकारच्या कायद्यात ठेकेदार मेंबरचा नातेवाईक नाई पाहिजे. लगन कुठं झालं अजून?"

मी चुलीकडे वळले. नेमसिंग माझ्याही डोळ्यांपुढं होताच.

श्रावणात झड लागली. बांधणीमागची माती फुगून सुटली. सकाळी शेजारची भुरीबाई पाणी ओढत होती, आणि ती उभी होती तीच बाजू धडाधडा आत गेली. तिचा नवरा देवसिंग दोर घेऊन धावला, पण दोर धरायला खाली कोणी उरलं नव्हतं. तिला दगडांखालून काढता काढता दिवस मावळला. भुरीबाई माझ्या लग्नाच्या घागऱ्याला आरसे टाकत होती. तो तिच्या खाटेवर तसाच अर्धा पडला होता.

तालुक्याहून चौकशीला साहेब आले. सगळा तांडा निंबाखाली जमला.

"हा ठेकेदार तुमचा कोणी लागतो का?" त्यांनी बाला विचारलं.

"नाई साहेब. कोणी नाई लागत."

लखीरामनंही तेच सांगितलं. झडीनं विहीर बसली असं ठरवून साहेब निघून गेले.

भुरीबाईचा तेरावा होतो न होतो तोच लखीराम पोराला घेऊन, नारळ हातात धरून लग्नाची तिथी काढायला आला. नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत. तिथं बायांनी बोलायचं नसतं. मी बोलले. बोलले कसली, ओरडलेच.

"कोनाची सगाई लावून राह्यले तुमी? बानं साहेबाले सांगतलं, हा आपला कोणी नाई लागत!"

लखीराम हसला. "पोरी, ते सरकारापुढचं बोलनं असते."

"नाईकाच्या तोंडाले दोन जिभा केव्हापासून आल्या?"

याडीनं माझा हात ओढला. तेवढ्यात देवसिंग उठला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "भावसिंग, लागते का नाई लागत? तेवढंच सांग."

बानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "लागते. गोळ खाल्ला तवापासून लागते. दर्जेत माती होती, देवसिंग. म्या आपल्या डोयानं पाह्यली होती."

लखीराम नारळ घेऊन तरातरा निघाला. नेमसिंगनं मागं वळूनही बघितलं नाही. मला त्याचा संताप आला आणि मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी बा तालुक्याला गेला. मीही हट्टानं सोबत गेले. त्यानं साहेबांपुढं सगळं सांगून टाकलं.

"लग्न झालं?" साहेबांनी विचारलं.

"नाई."

"होणार आहे?"

"मोडलं."

"मग नातं कुठलं, नाईक? आणि काम बरं आहे, असं तुम्हीच म्हणाला होता. आता कशाला स्वतःला अडकवून घेता?" साहेब भले होते. त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला. बानं तो घेतला नाही.

विहीर अजून तशीच बुजलेली आहे. आम्ही पुन्हा झिरे उकरतो. बा नाईकी सोडून बसला, आणि त्याच्याशी कोणी धड बोलत नाही. देवसिंगच तेवढा येतो, दोघं एकच चिलीम ओढतात.

हिवाळ्यात बातमी आली. नेमसिंगची सगाई झाली, ढाणकीकडच्या एका तांड्यात. त्या पोरीचा बापही मेंबर आहे, आणि तिकडे लखीरामकडे बंधाऱ्याचं काम आहे. त्या पोरीला निरोप धाडावा असं मला फार वाटलं, की बाई, तुझ्या बाला आधी दर्ज खरवडून बघायला सांग. पण त्यांचा गोळ खाऊन झाला होता.