चाळीस वडील आणि तोंडातल्या टाचण्या

मी एक जुनी, जाडजूड, निळ्या पाठीची वही आहे, मित्रांनो. आधीच सांगून टाकते, माझ्या हातून काही होत नाही. मुळात हातच नाहीत, तर होणार कुठून? मला आपण होऊन उघडता येत नाही, मिटता येत नाही, आणि कोणी माझ्यातले लिखाण उतरवून घेऊ लागले तर 'अरे, थांब' असे म्हणताही येत नाही. तेवढे सोडले तर माझ्यात काही कमी नाही.

बाइंडरने माझी दोनशे पाने दुमडून जाड दोऱ्याने शिवली, पाठीला खळ लावून निळे कापड चिकटवले आणि दोन दिवस मला वजनाखाली दाबून ठेवले. दुकानात माझ्या शेजारच्या वह्या हजेरीपट होण्याची स्वप्ने बघत होत्या. मला मात्र एका शाळेतल्या बाईंनी उचलले. चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर चष्मा शोधणाऱ्या त्या बाई. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले, 'आमच्या मुलांनी लिहिलेले निबंध'. मी हरखून गेले.

बाईंची निबंध शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. त्यांच्या वर्गात एकच निबंध तीनदा लिहावा लागे. पहिल्या खेपेला बाई गुण देतच नसत, समासात पेन्सिलने नुसते प्रश्न लिहीत. दुसऱ्या खेपेला पहिला परिच्छेद खोडायला लावत. "पहिला परिच्छेद म्हणजे घसा खाकरणं," त्या म्हणत. "गाण्याआधी खाकरा की खुशाल. पण ते लिहून कशाला दाखवायचं?" तिसऱ्या खेपेला उभे राहून मोठ्याने वाचायचे, आणि जिथे जीभ अडखळेल ते वाक्य बदलायचे. मुले कुरकुरत. एका निबंधात तीन निबंधांचे काम होते, कोण नाही कुरकुरणार?

त्या पहिल्याच वर्षी वर्गात शिंप्याची मुलगी होती. तिच्या फ्रॉकला नेहमी कसले ना कसले दोरे चिकटलेले असत. तिने लिहून आणले, 'माझे वडील फार कष्टाळू व प्रेमळ आहेत.' बाईंनी कागद वाचला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"कष्टाळू म्हणजे काय करतात गं? मला दिसले नाहीत."

"शिंपी आहेत, बाई."

"तरी नाही दिसले. तुझ्याशी काय बोलतात ते सांग."

"काही नाही बोलत." मुलगी ओशाळली. "त्यांच्या तोंडात टाचण्या असतात."

"मग गप्पच असतात?"

"नाही, हं करतात. एकदा हं म्हणजे हो."

बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "अगं, मग हे घरी ठेवून आलीस होय! जा, घेऊन ये."

ती गेली आणि घेऊन आली. तो निबंध माझ्या चौथ्या पानावर आहे. 'बाबांच्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून ते माझ्याशी हं करून बोलतात. एक हं म्हणजे हो. दोन हं म्हणजे नाही. लांब हं म्हणजे तू जेवून घे, माझी वाट बघू नकोस.' मुलीने तो वर्गात मोठ्याने वाचला. बाईंनी स्वतःच्या हाताने तो माझ्यात उतरवून घेतला आणि खाली तिचे नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिले. ती शाई पडली तेव्हा मला जे वाटले ते पुन्हा कधी वाटले नाही.

पण मित्रांनो, बाईंकडून एक चूक झाली, आणि ती माझ्याच अंगावर झाली म्हणून मला ठाऊक आहे. त्यांनी तिसरा निबंध लिहून ठेवला. पहिला, तो 'कष्टाळू व प्रेमळ' असलेला, त्यांनी ठेवला नाही. समासातले प्रश्न ठेवले नाहीत. माझ्यात वाढलेले ताट तेवढे आहे, चूल कुठेच नाही. बाई होत्या तोवर बिघडले नाही, कारण चूल त्याच होत्या. त्या मला खिडकीत ठेवत आणि म्हणत, "वाचा, मिटा आणि घरी जा. तुमच्या घरचं हिच्यात नाही." बारा वर्षे मुलांनी मला वाचले आणि मिटले. माझी पाने कौतुकाने मळली.

मग बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला कपाटात नीट उभे ठेवले, आणि तिथून माझे दिवस फिरले.

पुढच्या शिक्षकांना वेळ नव्हता. त्यांना दोष तरी कसा देऊ? साठ मुले, साठ वह्या, त्यातून एकेक निबंध तीनदा तपासायचा म्हणजे खायचे काम नाही. मी आयती सापडले. "चला, पान चार, उतरवून घ्या." एकाने मला झेरॉक्सच्या काचेवर पालथी घालून दाबले, तेव्हा माझ्या पाठीचा पहिला दोरा तुटला. दुसऱ्याने कुठून तरी छापील निबंध कापून सदतिसाव्या पानावर डकवला, 'माझे आजोबा'. ते आजोबा पहाटे उठतात, व्यायाम करतात आणि सर्वांशी मिळून मिसळून वागतात. ते कोणाचेच आजोबा नाहीत. मी त्यांना अनेक वर्षे पोटात वागवते आहे, पण आमची काही ओळख झाली नाही.

आणि पान चारचे काय झाले ते ऐका. बसचालकाच्या मुलाने लिहिले की त्याचे वडील तोंडात टाचण्या धरून बस चालवतात. दातांच्या डॉक्टरांच्या मुलाने लिहिले की त्याचे वडील तोंडात टाचण्या धरून लोकांचे दात काढतात. एकीला वडील नव्हते, तर तिने शेजारच्या काकांच्या तोंडात टाचण्या घातल्या. मी हे सगळे उघड्या पानांनी बघत होते. हसावे की रडावे, कळेना. दोन्ही येत नव्हते, हा भाग वेगळा.

यंदा शाळेत नवे सर बदलून आले. भला माणूस, शब्दाचा पक्का, आणि आल्या आल्या त्यांच्या वाट्याला मानहानी आली. पहिल्या परीक्षेचे पेपर बाहेरच्या परीक्षकांकडे गेले होते. त्यांनी गुणांबरोबर एक ओळ लिहून पाठवली, 'आपल्या शाळेतील चाळीस पालक टाचण्या तोंडात धरतात, त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटते.' मुख्याध्यापिकांनी ती ओळ सरांना सगळ्या शिक्षकांसमोर वाचायला लावली. सरांचे कान लाल झाले. त्यांनी कपाटातून मला ओढून काढले, टेबलावर ठेवले आणि मुलांना बजावले, "यापुढे हिच्यातलं एक वाक्य जरी सापडलं, तर शून्य!"

म्हणजे इतकी वर्षे मी चोरीचा माल होते, आता माझी पोलिसात नेमणूक झाली.

त्याच सुमारास वर्गात एक नवी मुलगी आली. तिच्या आईची परगावी बदली झाली होती, म्हणून ती आजोबांकडे राहायला आली होती. तिच्या फ्रॉकला दोरे चिकटलेले होते. मी ते बघितले आणि माझी उरलीसुरली शिवण ताणली गेली. ती त्या शिंप्याच्या मुलीची मुलगी होती.

सरांनी विषय दिला, 'माझी आवडती व्यक्ती'. सगळ्यांत चांगला निबंध संमेलनात पालकांसमोर वाचायचा होता. त्या मुलीला तो मान हवा होता, आणि कशासाठी तेही मला माहीत होते, कारण तिने निबंधातच लिहिले होते. 'तोंडात टाचण्या असल्या की आजोबा माझ्याशी हं करून बोलतात. एकदा केले की हो, दोनदा केले की नाही. हा निबंध मी त्यांच्यासमोर वाचणार आहे. तेव्हा ते कोणता हं करतात ते मला बघायचे आहे.' कोणी शिकवले नव्हते, कोणी समासात प्रश्न लिहिले नव्हते. मला तर तिने कधी हातही लावला नव्हता. पोरीने दुकानात बसून जे बघितले तेच लिहिले होते.

तिचे दोन कागद एका टाचणीने जोडलेले होते. सर ते उचलायला गेले आणि त्यांच्या बोटात टाचणी घुसली. "स्स!" करून त्यांनी बोट तोंडात घातले आणि दुसऱ्या हाताने टाचणी काढून फेकली. ती माझ्या शिवणीत येऊन पडली. साधी नव्हे, काचेच्या डोक्याची, शिंप्यांकडे असते तशी टाचणी. पुरावा सरांना टोचला होता, मित्रांनो, पण त्यांचे लक्ष कागदाकडे होते. 'टाचण्या' हा शब्द दिसताच त्यांनी माझे चौथे पान उघडले, दोन्हींवर बोट फिरवले आणि तिला पुढे बोलावले.

"कुठून उतरवलंस?"

"माझं आहे, सर."

"तुझे आजोबा तोंडात टाचण्या धरतात?"

"हो."

"आणि एक हं म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. असंच ना?"

तिचा चेहरा एकदम फुलला. "तुम्ही ओळखता त्यांना, सर?"

सगळा वर्ग खो खो हसला. पान चार सगळ्यांना पाठ होते. सरांना वाटले, ही चोरी करून वर थट्टा करते आहे. त्यांनी दोन्ही कागदांवर लाल रेघ मारली, शून्य दिले आणि म्हणाले, "सोमवारी स्वतःचं लिहून आण."

त्या वेळी मी काय करायला हवे होते ते मला ठाऊक होते. 'सर, पान चारच्या खालचे नाव वाचा. मग हिच्या आईचे नाव विचारा.' एवढेच सांगायचे होते. नाव माझ्याच अंगावर लिहिलेले होते, आणि ते दाखवायला मला बोट नव्हते. टेबलावर उघडी पडून मी तिच्याविरुद्ध साक्ष देत राहिले.

मधल्या सुट्टीत ती बाकावर रडत होती. शेजारच्या मुलीने तिला समजावले, "वेडी आहेस का? पान सदतीस घे आणि शब्द बदल. तसले आजोबा सगळ्यांचेच असतात, कोणी पकडत नाही." त्या मुलीचा हेतू वाईट नव्हता. ती तिला जिवाभावाने मदत करत होती.

सोमवारी नवा निबंध आला. वाचताना सरांना कुठेच काही टोचले नाही. त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले आणि खाली लिहिले, 'शाब्बास! आता स्वतःचे लिहिलेस.' संमेलनासाठी तोच निवडला. ती शेरा बघत उभी राहिली. एकदा कागदाकडे, एकदा सरांकडे. मग तिने मान हलवली, एखादे गणित सुटल्यासारखी.

संमेलनाच्या आठवड्यात रंगमंचाचा पडदा फाटला. आमच्या वर्गाच्या टोकालाच रंगमंच आहे, त्यामुळे शिंपी थेट वर्गात आला. म्हाताऱ्याने स्टूल मांडले, वर चढला, मूठभर टाचण्या तोंडात धरल्या आणि पडदा दुमडू लागला.

"शनिवारपर्यंत होईल ना?" सरांनी विचारले.

"हं."

"आणखी कापड लागेल?"

"हं, हं."

सरांचा खडू फळ्यावरच थांबला. त्यांनी स्टुलाकडे बघितले, त्या मुलीकडे बघितले, आणि मग माझ्याकडे. टेबलाशी येऊन त्यांनी चौथे पान उघडले. पानाखालचे नाव वाचले. अहो, इतके दिवस ते तिथेच होते! त्यांनी खणातून लाल रेघांचे कागद काढले आणि तिच्या बाकाशी जाऊन उभे राहिले.

"बाळा, माझं चुकलं. शनिवारी हाच वाच. आत्ताही वाच, आजोबा आहेत इथे."

तिने कागदांना हात लावला नाही.

"नको सर. ते चुकीचं होतं."

"नाही गं, तेच बरोबर होतं. तेच तुझं होतं."

"पण आता मला येतं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, जणू सरांनाच धीर देत होती. "दाखवू?"

ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. 'माझे आजोबा अत्यंत शिस्तप्रिय व परोपकारी आहेत. ते दररोज पहाटे उठून व्यायाम करतात. सर्वांशी ते मिळून मिसळून वागतात.' जीभ कुठेच अडखळली नाही. वाचून झाल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि तिने स्टुलाकडे बघितले.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पडद्याला टोचून ठेवल्या. चौथ्या पानावर इतकी वर्षे नुसता हं करणारा तो माणूस माझ्यासमोर प्रथमच शब्दांत बोलणार होता.

"छान लिहिलंय हो," तो म्हणाला. "कोणाचे गं हे आजोबा?"

मित्रांनो, तिने हातातला कागद उलटून बघितला. सरांनी लाल रेघांच्या कागदांची घडी घातली. उत्तर माझ्याकडे होते, पण माझी गत तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात सांगितली आहे.

शनिवारी तिने सदतिसाव्या पानावरचे आजोबाच वाचले. सरांनी लाल रेघांचे ते दोन कागद माझ्या शेवटच्या कोऱ्या पानात ठेवले आहेत आणि समासात पेन्सिलने लिहिले आहे, 'पुढे आजोबांनी कोणता हं केला?' अजून तरी ती कागद मागायला आलेली नाही. सर रोज वाट बघतात, मीही बघते. मला तेवढेच जमते.

तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल. तिला जरूर वाचा, आम्हाला बरे वाटते. पण वाचून झाले की मिटा, कारण आम्हाला मिटता येत नाही. आणि घरी जाऊन आपले माणूस नीट बघून या, नाहीतर उद्या ते तुम्हालाच विचारेल, हे कोणाबद्दल लिहिले आहे म्हणून. मला उघडताना मात्र बोट जपा. ती टाचणी अजून माझ्या शिवणीतच आहे.