किलटबरचा पाऊस

लॉक डर्ग सरोवरातल्या तीर्थाच्या बेटावरचं तीन दिवसांचं अनवाणी व्रत करून मी घरी परतले. तळव्यांना फोड आले होते आणि पोटात कोरडा टोस्ट नि बिनदुधाचा चहा याखेरीज काही नव्हतं. उपास मध्यरात्री सुटायचा होता. मन मात्र शांत होतं. देवासमक्ष सांगते, त्या क्षणापर्यंत मी कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं.

मग परसातल्या गवताकडे नजर गेली. पर्जन्यमापकाच्या जागी गोल खड्डा होता.

एकोणतीस वर्षं ते तांब्याचं मापक तिथे उभं होतं. रोज सकाळी जपमाळ आटोपून मी त्यातलं पाणी मोजते, आकडा वहीत लिहिते आणि महिनाअखेर पान हवामान खात्याला पाठवते. मी नसले तर शेजारी राहणारी माझी भावजय डिंफ्ना मोजते. मी तिला हाक मारली.

"मॅलकी घेऊन गेला," ती एप्रनला हात पुसत म्हणाली. "तू गेलीस त्याच सकाळी आला. तुझी हरकत नाही म्हणाला."

"मला विचारलं कुणी?"

"बेटावर फोन कुठे नेऊ देतात? त्याला ते ठाऊक नसेल."

"त्याला पक्कं ठाऊक होतं."

मॅलकी टियर्नी शाळेत माझ्या वर्गात होता. आता तो गावच्या विकास समितीचा अध्यक्ष आहे, आणि नॉकरो डोंगराच्या पलीकडच्या उतारावर त्याची पाहुण्यांना भाड्याने द्यायची सहा घरं आहेत. किलटबर म्हणजे जिल्ह्यातलं सर्वांत ओलं गाव, असं दर महिन्याला रेडिओवर सांगतात ते माझ्या आकड्यांवरून. ईस्टरला तो म्हणाला होता, मापक पलीकडे नेऊ या, गाव तर एकच. मी नाही म्हटलं होतं. हळू बोलणाऱ्या बाईचं 'नाही' लोकांना अर्धं 'हो' वाटतं.

वही उघडली. डिंफ्नाच्या अक्षरात तीन आकडे होते: एक, शून्य, दोन. बाहेर पागोळ्यांखालचं पिंप भरून वाहत होतं.

"तीन दिवसांत तुझे कपडे वाळले?"

"कुठले. अजून शेगडीवर टांगलेत."

"मग हा शून्य कुठला?"

"मॅलकीने फोनवर सांगितला," ती म्हणाली. "अगं, मी काही मोजलं नाही. लिहिलं फक्त."

मी कुदळ उचलली. डिंफ्नाने मुकाट्याने गाडी काढली. खिंड ओलांडेपर्यंत मुसळधार पाऊस होता. पलीकडे उतरलो आणि काचेवरचे वायपर कोरडे कुरकुरायला लागले. हे काही नवल नाही. नैऋत्येचा वारा कोमट समुद्रावरून पाणी उचलून येतो, नॉकरो त्याला वर चढायला लावतो, तो गारठतो आणि सगळं ओझं आमच्या अंगावर टाकतो. पलीकडे उतरतो तो हलका होऊन. हे आमच्या मेंढ्यांनासुद्धा कळतं.

मापक मॅलकीच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला खेटून, जिरेनियमच्या कुंड्यांमध्ये रोवलेलं होतं. उरलासुरला पाऊससुद्धा भिंतीने अडवावा अशा बेताने.

"तीन दिवस अनवाणी फिरून आलीस," तो दारातून हसत म्हणाला. "रागावून सगळं पुण्य घालवशील."

"माझ्या पुण्याची काळजी तू करू नकोस. कुंडी सरकव."

"अट्रॅक्टा, आकडा ऐकून लोक बुकिंग रद्द करतात. आणि इथे पडतो तो काय किलटबरचा पाऊस नाही?"

"आहे ना. तोही मोज. दुसरं मापक आण, खात्याला कळव, तुझ्या नावाने लिही. मला आनंदच आहे. पण माझ्या वहीत तुझ्या अंगणातलं पाणी चालायचं नाही."

"खात्याला काय, आकडा मिळाल्याशी कारण."

माझा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही.

"वीस वर्षांनी कुणी शिकलेलं माणूस ही पानं उघडेल. म्हणेल, किलटबरचा पाऊस अचानक निम्म्यावर आला. समुद्र बदलला की वारा फिरला, याचा शोध घेत बिचारं वर्षं घालवील. आणि कारण काय, तर मॅलकी टियर्नीची सहा घरं."

डिंफ्ना खुदकन हसली. मॅलकीने कुंडी सरकवली.

मापक आम्ही जुन्या जागी पाणसळ लावून सरळ रोवलं. तिन्ही आकड्यांवर मी एकेक रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मोजलेले नाही. मापक न विचारता डोंगरापलीकडे नेले. नेणारा: एम. टियर्नी.'

दुसऱ्या दिवशी चोवीस मिलिमीटर पाऊस भरला. तो आकडा लिहीत होते, तेवढ्यात मॅलकी आला, टोपी हातात घेऊन.

"नाव कशाला? 'मापक हलले' एवढं पुरे की."

"ते स्वतःच्या पायांनी चालत गेलं नाही."

"सरकारी कागद आहे, अट्रॅक्टा. कायमचा राहतो."

"म्हणूनच लिहिलं." मी पेन पुढे केलं. "खाली दोन ओळी जागा आहे. तुझं काही म्हणणं असेल तर लिही. खरं असेल तर मी खोडणार नाही."

त्याने टोपी काखेला मारली आणि पेन घेतलं. मग वाकून त्याने लिहिलं: 'पलीकडे तिन्ही दिवस छान ऊन होते. एम. टियर्नी.'

मी ते दोनदा वाचलं. खोटं नव्हतं. महिनाअखेर पान तसंच पाठवलं.