रंगरावाच्या हौदाचा कोबा

रंगराव पाटलाने नागपुरात कुठेतरी पोहण्याचा तलाव पाहिला आणि जानेफळला परतताच विहिरीशेजारी तसाच हौद बांधायला काढला. स्वतःला पोहता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. काठावर खुर्ची टाकून मिरवता तर येणार होतं!

हौदाभोवतीचा सिमेंटचा कोबा पुंजाजी गवंड्याने घातला. काम चोख. सात दिवस नुसतं पाणी शिंपडायचं होतं, त्यासाठी त्याची बायको बनाबाई येत होती. दुसऱ्याच दिवशी या शहाण्या रंगरावाने डिझेल इंजिनाच्या पाइपाचं तोंड दाबून धरलं आणि तासभर त्या जोराच्या धारेने ओला कोबा झोडपला. वरचं सिमेंट वाहून गेलं, गिट्टी उघडी पडली. मग गावभर बोंब, की पुंजाजीने सिमेंट खाल्लं.

शाळेच्या खोल्यांचं काम सरपंच जानराव पुंजाजीलाच देणार होते. आता मेहकरच्या गवंड्याचं नाव ऐकू येऊ लागलं. मूठभर सिमेंट कधी इकडचं तिकडे न केलेल्या माणसाला चोर ठरवलं, तेही ज्याला थापी कशी धरतात ठाऊक नाही त्याने!

तो न बोलावता दुरुस्तीला गेला आणि जानरावांनाही तिथेच बोलावलं. छिन्नीने सैल भाग उडवला. जानरावांनी खालचा थर हातोडीने स्वतः ठोकून पाहिला. खणखणीत वाजला.

"रंगरावभाऊ, खाली तं पक्का हाय," जानराव म्हणाले. "ओला कोबा इंजिनानं धुतला काऊन?"

"घाण झाला होता."

"कायची घाण?"

रंगराव दुपट्ट्याने मान पुसत राहिला. विटाळ पाळणं कायद्याने गुन्हा होऊन दहा वर्षं झाली होती, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

"म्या सांगतो," पुंजाजी उठून म्हणाला. "बनीनं शिंपडाले हौदात बालटी बुडवली. यायले विटाळ झाला. पाणी सोडून देलं, कोबा धुतला. पन हा सारा माल तिनंच कालवला, अन् थापला म्या. आमचा हात कुठलोक धुनार, पाटील? हौदच फोडा ना!"

जानराव बाजूला थुंकले. "पुंजाजी, सोमवारपासून शाळेचं काम धर," एवढंच बोलून ते निघाले.

पुंजाजीने खरबडीत जागा भिजवली, सिमेंटचं पाणी मारलं, नवा थर घोटला आणि वर ओली पोती अंथरली. असल्या माणसाकडेही काम अर्धं टाकणं त्याला जमत नव्हतं.

सोमवारी सकाळीच रंगराव त्याच्या दारात. गडी कापूस वेचायला गेले होते आणि पोती वाळत चालली होती.

"बनाबाई, जरा पाणी टाकाले ये वं."

डोक्यावर घमेलं घेऊन बनाबाई उंबऱ्याबाहेर आली.

"मले शाळेच्या कामावर जायचं हाय, पाटील. तुमीच टाका. तुमच्या हातानं तं बाटत नाई ना?"

आणि ती शाळेच्या वाटेला लागली.