जिवंतच हवा

रिकामा शंख नोंदीला चालत नाही, हे सासऱ्यांना मीच सांगितलं होतं. लाटा कुठलंही काहीही आणून टाकतात. ही जात आपल्या समुद्रात राहते असं म्हणायचं, तर प्राणी जिवंतच हवा. तपकिरी जाळीची नक्षी असलेला, आमच्याकडे कधीच न सापडलेला तो रिकामा शंख त्यांनीच मला आणून दिला होता. शिंपीकाम सोडल्यापासून किनाऱ्यावर भटकणारा हा माणूस माझ्या शब्दाखातर सकाळीच डबा घेऊन निघाला.

आणि मी प्रयोगशाळेत भिंगाखाली नक्षी ताडून पाहिली, तेव्हा मला ती जात ओळखू आली. त्या शंखात राहणारी गोगलगाय सुईसारखा दात मारते. ओठ बधिर होतात, जीभ जड होते, मग श्वास. विषावर उतारा नाही. दवाखान्यात श्वास चालू ठेवतात, एवढंच.

त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. स्वतःला शिव्या घालत मी गाडी काढली. आधी ओळख पटवावी, मग माणसाला पाठवावं, एवढी साधी अक्कल मला नव्हती.

ते खडकावर मजेत बसले होते.

"मिळाला बघ. चांगला चालतोय."

"हाताने उचललात?"

"मग काय चिमट्याने? आधी खिशात ठेवला, मग डब्यात."

मी त्यांचे हात ओढून घेतले. "टोचलं का कुठे?"

"शिंप्याला विचारतेस होय? जन्मभर सुया टोचून घेतल्यात. आता खिळा ठोकलास तरी कळायचं नाही."

बोटांवर सुयांच्या जुन्या खुणाच खुणा. त्यांत आजची एखादी आहे का, मला सांगता येईना.

मी सगळं सांगून त्यांना गाडीत बसवलं. डबा मात्र त्यांनी मांडीवरून सोडला नाही.

"बोलत राहा बाबा, थांबू नका." जीभ जड झाली तर बोलण्यातूनच कळलं असतं. ते बोलत होते, आणि मी घाबरून कधी रस्ता बघत होते, कधी त्यांचे ओठ, कधी छाती वरखाली होते का ते.

अचानक आवाज थांबला.

"बाबा?"

मी गाडी कडेला घेतली, त्यांचा खांदा धरला. "गप्प का झालात? बोला ना."

"तू ऐकतेस कुठे?" शब्द न् शब्द स्वच्छ होता. "तुझी सासू गेली त्या दिवसाचं सांगत होतो. आजवर कुणाला सांगितलं नाही."

दवाखाना अजून लांब होता. मी गाडी सुरू केली.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हणाले.